इंजिनाची रिकामी सॅक

ज्याच्या वाढदिवसाच्या आकड्याला दहाने भाग जातो, त्याने त्या दिवशी काही उचलायचं नाही, हा आमच्या तिघांचा नियम. विशीत केला तेव्हा गंमत म्हणूनच केला. उत्सवमूर्तीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याची सॅक उपसून सामान आपसांत वाटून घ्यायचं, आणि त्याने रिकामी सॅक पाठीला लावून डोंगर चढायचा. मागे वळून बघायचं नाही, काय कुणाकडे गेलं ते विचारायचं नाही.

तिघं म्हणजे मी, मास्तर आणि इंजिन. मास्तर शाळेत चित्रकला शिकवतो आणि त्याला कशाचीच घाई नसते. इंजिनाचा छापखाना होता. त्याला लहानपणापासून दमा. चढणीला लागला की छातीतून शिट्टी वाजायची, म्हणून इंजिन. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासत जन्म गेला, त्यामुळे अंदाजपंचे वाटणी मला कधी खपली नाही. मी ताणकाटा घेऊनच यायचे. दोन्ही सॅक सारख्या भरेपर्यंत वस्तू इकडून तिकडे टाकत बसायचे, आणि मास्तर म्हणायचा, "बाई, तुझ्या हाती भूक दिली तर तीही मोजून वाढशील."

इंजिनाच्या चाळिशीला मास्तरची सॅक शंभर ग्रॅमने जड भरली. वरच एक निळी कापडी पिशवी होती, मुठीत मावेल एवढी. मी ती न उघडता माझ्या सॅकच्या तळाशी कोंबली. काटा बरोबर जुळला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

रिकामा इंजिन पुढे गेला. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा तो एका खडकाला टेकून, धापा टाकत खिसे चाचपत होता. मास्तर मदत आणायला खाली पळाला. मी इंजिनाची सॅक उलटी करून झटकली. तीत काही नव्हतं, असणार कुठून? माझी सॅक हातभर अंतरावर पडली होती. तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही. डोकं चालेनासं होतं म्हणतात, ते असं. मास्तर माणसं घेऊन वर आला, तोवर इंजिन गेला होता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सॅक धुवायला काढली, तेव्हा ती पिशवी सापडली. आत त्याचा दम्याचा पंप होता.

तोवर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "मीच ठेवायला विसरले असणार." त्या औषधाच्या दुकानात कामाला, आणि त्याचा पंपही त्याच ठेवायच्या, कधी खिशात, कधी सॅकमध्ये. गावभराला पंप देणारी बाई स्वतःच्या नवऱ्याचा विसरली, असं लोक बोलले, आणि मी ते बोलू दिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दहा वर्षं झाली. ही भित्रेपणाची गोष्ट आहे, तिला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

माझी पन्नाशी आली तेव्हा मी म्हटलं, घरीच बसू. पण वहिनींचा फोन आला. "ताई, त्यांच्या जागी मी येते. मला ती खिंड एकदा बघायचीय." नाही कशी म्हणणार? निघताना मी ठरवलं, वर पोचायच्या आत सांगायचं. ताणकाटा मात्र घरीच ठेवला.

पायथ्याच्या लॉजमध्ये, दोन लोखंडी खाटांच्या खोलीत, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रंगाचे पोपडे मोजत होते. मागे वहिनी माझी एकेक वस्तू मोठ्याने बोलून बाहेर काढत होत्या. "स्वेटर, मास्तरांकडे. चष्म्याचं घर, माझ्याकडे. रक्तदाबाच्या गोळ्या, माझ्याकडे." मग जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. तेव्हापासून बोलून ठेवल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. कुलूपसुद्धा बोलून लावते." मास्तर हसला.

सकाळच्या लख्ख उन्हात आम्ही चढायला लागलो. रिकामी सॅक पाठीवर वाजत होती. दुसऱ्या वळणावर मागून शिट्टी ऐकू आली. बारीक, ओढलेली, मधेच तुटणारी. मी वळून बघितलं. मास्तर आणि वहिनी बरेच खाली होते, बोलत येत होते. मी थांबले की शिट्टीही थांबायची, पण लगेच नाही. दोन श्वास उशिरा. जसा तो मला गाठून उभा राहायचा, तशी. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. तरी पुढचा तासभर मी मागे बघितलं नाही, आणि मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

खिंडीत मास्तरने सॅकमधून केकचा चेपलेला डबा काढला. वहिनींना खडक दाखवावा लागला नाही. त्या त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

"वहिनी, तुम्ही ठेवला होता," मी म्हणाले. "निळ्या पिशवीत. वाटणीत मी माझ्या सॅकमध्ये टाकला. तिसऱ्या दिवशी सापडला. सांगितलं नाही."

मास्तर डबा हातात धरून तसाच उभा राहिला. त्यालाही हे नवीन होतं.

वहिनी रडतील, मारतील, असं बरंच काही मनात योजून ठेवलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी काही बोलले का ते? दहा वर्षं तुम्ही नाही म्हणताय."

इथे अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. जिभेवर तयारच होतं.

"खिसे चाचपत होता. म्हणाला, आज विसरली वाटतं ती. तिला रागावू नका."

वहिनी खाली बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, ताई? मी ठेवला होता, हे माझे हात जाणत असणारच कुठेतरी. ते मात्र मी विसरले अशीच समजूत घेऊन गेले. जा, त्यांना सांगा."

मी मास्तरकडे बघितलं. त्याने मान फिरवली.

मी खडकाच्या मागे गेले. तिथे सावली होती आणि शिट्टी अगदी कानाशी होती. मी सगळं सांगितलं, काही न वगळता: शंभर ग्रॅम, तळाशी कोंबलेली पिशवी, हातभर अंतर. शेवटी म्हणाले, "ती विसरली नव्हती रे."

श्वास आत ओढला गेला आणि अर्ध्यातच थांबला. मी वाट बघितली. दोन श्वास, दहा श्वास. पुन्हा काही आलं नाही. असाच तो थांबताना मी एकदा ऐकला होता, याच जागी, त्याचं डोकं माझ्या मांडीवर असताना.

मी बाहेर आले. वहिनींनी वर बघून विचारलं, "ऐकलं त्यांनी?"

"हो," मी म्हणाले.