न हलणारा आकडा

जुम्म्याची नमाज संपली आणि कफ्र अल-तूत गावातली निम्मी माणसं हाज्जा रतीबाच्या अंडी उबवायच्या भट्टीपुढे गोळा झाली. बायकांनी तोंडावर हात धरून आनंदाचे चीत्कार सुरू केले. भिंतीवरच्या पेटीत तांबडा आकडा पेटला होता. साडेसदतीस.

"बघा!" शेख बरहामीने दोन्ही हात वर केले. "चार दिवस झाले. केसभर तरी हलला का?"

"नाही हलला!" गाव ओरडलं.

"सैतान या आकड्याला धरून नाचवत होता. मी सैतानालाच बांधून टाकलं!"

"मग आमचं गाढवही बांधा की शेख," मागून कुणीतरी म्हणालं. "रोज सुटतंय."

सगळे हसले. शेखही हसला. असली माणसं आधी हसतात, मग हात पसरतात. त्या दिवशी त्याच्या घरी दोन लठ्ठ बदकं गेली.

मुलांनो, ही पेटी काय करते ते आधी सांगतो. आमच्या भट्टीच्या मातीच्या घुमटांत पूर्वी भुशाचा विस्तव घालून अंडी उबवत. गेल्या हिवाळ्यात हाज्जाने गॅसची शेगडी आणि ही पेटी आणली. पेटीतून एक तार आत जाते. तारेचं टोक म्हणजे पेटीचं बोट. ते अंड्यांशेजारी टांगलेलं असतं. बोटाला गार लागलं की पेटी शेगडी पेटवते, गरम लागलं की विझवते. बसवणारा कारागीर तांता शहरातून आला होता. जाताना तो म्हणाला, "बोट उघडं ठेवा. आणि रोज सकाळी दुसऱ्या तापमापकाशी आकडा ताडून बघा. पेटी चुकली तर ती स्वतः सांगणार नाही."

गावातला विज्ञानाचा मास्तर म्हणून त्याने हे माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान डोलावली.

आकडा थोडा वरखाली व्हायचाच. दार उघडलं की घसरायचा, मिटलं की चढायचा. हाज्जाला त्याची धास्ती वाटे. "थरथरतोय बघा मास्तर! कुणाची तरी नजर लागलीये." दहाव्या दिवशी तिने शेखला बोलावलं. त्याने तारेच्या टोकावर मेण लावून शिवलेलं कातड्याचं ताबीज चढवलं आणि बजावलं, "जो उघडेल तो आंधळा होईल." त्या घटकेपासून आकडा गप्प.

एकच माणूस खूश नव्हता. मुअतीचाचा. नवव्या वर्षापासून ते या भट्टीत राबत होते, आता चौऱ्याहत्तरचे होते. अंडं उचलायचं, मिटलेल्या पापणीवर टेकवायचं, आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगायचं. हे आमच्याकडचं जुनं माप. दरवर्षी ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या पापण्यांवर अंडी टेकवत आणि विचारत, "काय म्हणतंय पिल्लू?"

त्या जुम्म्याला ते गर्दीतून पुढे आले. "हाज्जा, काहीतरी चुकतंय. पहाटे अंड्यांना ताप असतो, दुपारी गारठा."

"आधी ठरव रे म्हाताऱ्या, ताप की गारठा?" शेख म्हणाला. "पापणी आहे का हवामान खातं?"

गाव खो खो हसलं. मीही हसलो.

हाज्जा हळूच म्हणाली, "चाचा, तुम्ही आता घरी आराम करा."

वाटेत त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, माझी पापणी खोटं बोलायला लागली का हो?"

"पेटी कशी खोटं बोलेल, चाचा?" मी म्हणालो. "वय झालं. डोळे दाखवून घ्या कुणाला तरी."

एकविसाव्या दिवशी भट्टीत नुसता किलबिलाट असतो. त्या दिवशी मी दारातूनच कान लावला. काही नाही. हाज्जाने एक अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, चोच, पिसं, सगळं. मेलेलं. दुसरं फोडलं. तिसरं. मग ती जमिनीवरच बसली. बारा हजार अंडी होती.

मी घरी धावलो. ताप बघायचा पाऱ्याचा तापमापक माझ्या कपाटातच होता. त्याची एक खोड तुम्हाला ठाऊक आहे. पारा चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही, म्हणजे सर्वांत जास्त उष्णता किती झाली ते तो लक्षात ठेवतो. तो झटकून अंड्यांत ठेवला आणि बाहेर बसून राहिलो. संध्याकाळी काढला. पेटीवर साडेसदतीस. पाऱ्यावर एकेचाळीस.

"नजर फार जबर होती," शेख पुटपुटला. "माझं ताबीज तरी किती लढणार?"

मी कात्रीने ताबीज उसवलं. आंधळा झालो नाही. आत उंटाची लोकर निघाली, मुठीने ठासून भरलेली.

मी एक पेला ऊन पाणी मागवून प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं. लोकरीसकट बोट पिशवीला बाहेरून टेकवून धरलं. आकडा ढिम्म. लोकर काढून धरलं, तर आकडा टुणकन चढला. "बोटाला रजई पांघरली होती," मी म्हणालो. "बाहेर आग पेटली तरी त्याला उशिरा कळायचं, म्हणून शेगडी जळतच राहायची. विझली तरी उशिरा कळायचं, म्हणून अंडी गारठायची. पेटी बिचारी रजईच्या आतली ऊब सांगत होती."

"म्हणजे चाचा..." हाज्जा बोलता बोलता थांबली.

"ताप आणि गारठा. दोन्ही खरं होतं."

मी मागे वळलो तेव्हा शेख गेला होता.

एक अंडं घेऊन मी मुअतीचाचांकडे गेलो. ते अंगणात बसले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मी म्हणालो होतो ना, डोळे दाखवून घ्या? त्यांनी शेखलाच दाखवले होते. पापणी खरं बोलू लागावी म्हणून त्याने सुरमा दिला होता. त्यात चुना होता, असं तांता शहरातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पापण्यांची कातडी जळून गेली होती.

"चाचा, तुम्ही बरोबर होता. आम्ही सगळे चुकलो. मी चुकलो."

त्यांनी हात पुढे केला. पट्टी वर सरकवली आणि सवयीने अंडं पापणीवर टेकवलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"काही कळत नाही, मास्तर," ते म्हणाले. "गार आहे का?"

मुलांनो, जो आकडा अजिबात हलत नाही त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याला दुसऱ्या मापाने तपासा. जे उघडू नका म्हणून बजावतात, ते उघडून बघा. आणि जन्मभर एकच काम केलेलं माणूस म्हणालं, "काहीतरी चुकतंय," तर हसण्याआधी कपाटातला तापमापक काढा.

मी काढला नव्हता.