बिनरंगाची बोट

माझी बोट अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि मी तिला रंग लावत नाही. अलास्कातल्या पीटर्सबर्गच्या धक्क्यावर यावरून माझी कोण चेष्टा झाली! सगळ्यांत पुढे माझा बापच, इंगवाल्ड.

"पत्र्याचा डबा आहे तो, सिग्रुन! इथलं खारं पाणी खाऊन टाकेल त्याला. मी मेलो तरी त्यात पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू! बसा लाकूड खरवडत."

मला काळजी नव्हतीच. दुधावर साय धरते तशी अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ साय धरते. ओरखडा पडला की लगेच पुन्हा धरते. पाण्याला आत शिरायला जागाच नाही. नवऱ्यापेक्षा माझा त्या धातूवर जास्त भरवसा, आणि हे नवऱ्यालाही ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी आपली लाकडी बोट विकली. पाठ साथ देईना. तेव्हापासून धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी बघत राहायचे. ते बघून माझा जीव तुटायचा. मला ते माझ्या बोटीवर हवे होते. पण विचारलं की एकच उत्तर: डबा.

आणि यंदा सॅमन माशांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझ्या बोटीच्या तळाशी पाणी!

मी पायाखालच्या फळ्या उचकटल्या. डोलकाठीच्या बुडाशी पांढरी भुकटी साचलेली, तिच्यात रुतलेलं तांब्याचं जुनं नॉर्वेजियन नाणं, आणि नाण्याखाली भोक. नाणं मी लगेच ओळखलं. ते बाबांच्या बोटीच्या डोलकाठीखाली असायचं, शकुनाचं.

तशीच तणतणत धक्क्यावर गेले. "बाबा, हे काय?"

"समुद्र सांभाळतो त्याने," ते पुटपुटले.

"अहो, खाऱ्या पाण्यात तांबं टेकलं की ती साय टिकत नाही. पोखरलंत तुम्ही माझ्या बोटीला!"

त्यांचे कान लाल झाले. मी विचारलं, "आणि पाय न ठेवता आत गेलात कसे?"

"गुडघ्यांवर."

माझा राग तिथेच विरला. त्या पाठीने हा माणूस माझ्यासाठी रांगत गेला होता.

"मग तुझ्या डब्यात शकुनाला ठेवायचं तरी काय?" ते म्हणाले.

"तुम्हाला."

संध्याकाळपर्यंत मी भोकावर ठिगळ वेल्ड करून घेतलं.

सकाळी बघते तर बाबा बोटीपाशी उभे. खिसे उलटे बाहेर काढलेले, पट्टा गायब, विजार सुतळीने बांधलेली.

"पट्ट्याचं बक्कल पितळेचं होतं," ते म्हणाले. "पितळेतही तांबं असतं ना?"

अख्खा धक्का हसत होता. बाबांनी आधी उजवा पाय बोटीत ठेवला, मग डावा.