वरच्या मावशींची काठी

वरच्या मावशी जमिनीवर काठी आपटायच्या. आमची संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली, गीताचा सूर जरा चढला, की डोक्यावर ठक ठक. नऊ वर्षं हेच. जन्मभर शिवणकाम केलेली, एकटी राहणारी बाई; जीभ कात्रीहून धारदार. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, तुमचा देव बहिरा आहे का? तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मीही काही कमी नव्हते. काठी वाजली की मुद्दाम आवाज चढवायचे.

त्या सोमवारी काठी वाजायला लागली ती थांबेचना. आमचे हे म्हणाले, "जरा बघून ये गं. आज काहीतरी वेगळं वाटतंय." यांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही, नाहीतर स्वतःच गेले असते. मी म्हटलं, प्रार्थनेतून उठायचं नाही, देवाचं आधी. पुढचं गीत इतकं मोठ्यानं म्हटलं की घसा बसला. काठी मंद होत गेली, मग थांबली. आपण जिंकलो असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

सकाळी दूधवाल्यानं हाका मारमारून शेवटी दार तोडवलं. मावशी शिलाई मशीनजवळ पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. रात्रभर तशाच, पाण्याच्या थेंबाशिवाय.

तीन आठवडे दवाखान्यात जायचा धीर झाला नाही. चर्चमध्ये मात्र दर रविवारी उभी राहून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पाळकसाहेब म्हणाले, शेजारणीवर प्रीती करावी तर अशी. त्या दिवशी जेवण तसंच टाकून उठले आणि दवाखाना गाठला.

मला वाटलं, बघताच तोंड फिरवतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी किती ठोकलं गं मी. तुझं गाणं चालू होतं. म्हटलं, गाण्यात हिला ऐकू जात नसेल, संपलं की ऐकेल. भांडखोर आहेस, पण ऐकलं असतंस तर धावत आली असतीस."

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. कोणाला कळणार होतं? यांनी जन्मात तोंड उघडलं नसतं.

"ऐकलं होतं मावशी," मी म्हटलं. "ऐकलं, म्हणूनच आवाज चढवला."

त्यांनी हात काढून घेतला. मला रडू आवरेना. माफ करा म्हटलं, देवाजवळ रोज पदर पसरते म्हटलं, काय काय बोलले देव जाणे.

"देवाशी तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "इथल्या पोरींना कामातून सवड नाही. तीन आठवडे डोक्याला पाणी नाही माझ्या. धुशील?"

मी गरम पाणी मागायला गेले. नर्सनं बादली दिली, तांब्या दिला. परत आले तर मावशींनी अंबाडा सोडून ठेवला होता.