अंतरपाटाला मारलेली गाठ

मी एक जुना अंतरपाट आहे. मित्रांनो, तुम्ही लग्नात मला पाहिलेले असणार, पण तुमचे लक्ष जेवणाच्या टेबलांकडे असल्यामुळे ओळख राहून गेली असेल. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी आणि मधोमध धरलेले कापड, ते मी. जगात मध्ये येणारे पुष्कळ आहेत. वेळेवर बाजूला होणारा मात्र मी एकटाच, असे मला नम्रपणे वाटते.

माझा जन्म साधा आहे. नारायण गुरुजींनी मला अमरावतीच्या बाजारातून आणले तेव्हा मी नुसता मांजरपाटाचा तुकडा होतो. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई यांनी माझ्या कडा शिवल्या, मधोमध कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि मी कामाला लागलो. गुरुजींच्या पिशवीत पंचांगाशेजारी बसून मी चांदूर रेल्वेपासून परतवाड्यापर्यंत फिरलो. मला धरायला दोन मामा लागत. मंगलाष्टके म्हणणाऱ्या मावश्या थांबायला तयार नसल्या की मामांचे हात हळूहळू खाली येत आणि माझ्यावरून नवरानवरी एकमेकांना चोरून पाहून घेत. मग गुरुजी ओरडत, "मामा, वर धरा! अजून वेळ आहे!"

एक गोष्ट मात्र त्या मंडपात फक्त मला ठाऊक असे. बँड वाजत असे, व्हिडिओवाला सगळ्यांना बाजूला सारत असे, आणि त्या गोंगाटात माझ्या दोन्ही बाजूंना दोन श्वास चालू असत. दोन्ही घाबरलेले. त्यांना एकमेकांचा ऐकू येत नसे, मला दोन्ही येत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्यावर आपण उगाच हळू बोलतो ना, तसे मला त्या वेळी होत असे. मी कापड असल्यामुळे आधीच गप्प होतो, तरी आणखी गप्प होई.

पुढे काळ बदलला. लग्नाचे सामान भाड्याने देणाऱ्यांनी टिकल्यांचे, दिव्यांचे, नवरानवरीची नावे छापलेले अंतरपाट आणले. मला ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी जागा मिळाली. त्यांचा वास कसा असतो, हे मी सांगणार नाही. आत्मवृत्तात रडू नये.

गुरुजींच्या मुलाच्या, यशोधनच्या लग्नातही असाच झगमगता अंतरपाट ठरला होता. तो आला, उलगडला आणि त्यावर अमोल आणि आचल अशी नावे निघाली. ती जोडी त्या वेळी अकोल्यात दुसऱ्या कोणाच्या तरी नावाच्या पडद्यामागे उभी असणार. चारुशीलाबाई धावत घरी गेल्या आणि ट्रंक उघडली. मित्रांनो, त्या दिवशी मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन बोहल्यावर चढलो.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. सून अश्लेषा परतवाड्याची, शाळेत गणित शिकवणारी. ती घरी आली तेव्हा तिच्या खोलीला दारच नव्हते. नवे कपाट आत जाईना म्हणून मिस्त्रीने दार काढले होते आणि "घासून आणतो" म्हणून नेले होते. मग तो स्वतःच कुणाच्या तरी लग्नाला निघून गेला होता. घर पाहुण्यांनी भरलेले. जो तो नव्या नवरीला पाहायला खोलीत डोकावत होता. अश्लेषाने इकडेतिकडे पाहिले, मला पिशवीतून काढले आणि चौकटीच्या दोन खिळ्यांना बांधले.

मग ती यशोधनला म्हणाली, "आपण दोनदाच भेटलो आहोत. एकदा पोहे खाताना आणि एकदा कपाटाच्या दुकानात."

"कपाटाच्या दुकानात आपण फार बोललो नाही," यशोधन म्हणाला.

"तुम्ही बिजागऱ्यांवर बोललात. मला आधी तुमची ओळख हवी आहे. बाकीचं सगळं नंतर."

यशोधन वकील होता. मुदत मागणे हे त्याचे रोजचे काम. "मुदत पाहिजे?" त्याने विचारले.

"हो. पण तारीख सांगणार नाही."

"मंजूर," तो म्हणाला. त्याने गादी उचलली आणि गच्चीवर निघाला. उन्हाळ्यात अर्धी अमरावती गच्चीवर झोपते, त्यामुळे कुणाला काही वाटायचे कारण नव्हते. पण गुरुजींची थोरली बहीण सुंदराबाई अकोल्याहून आलेली होती. तिला कशाचेही काही वाटू शकत असे.

दुसरे संकट कूलरचे. तो बैठकीच्या खिडकीत बसवलेला होता आणि त्याची हवा खोलीत जायची वाट बरोबर माझ्या पोटातून होती. मी बांधलेला असलो की आत नुसती भट्टी. मे महिन्याचा उकाडा सोसत अश्लेषा आत बसे, पण मला सोडत नसे. यशोधन रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन येई आणि बाहेरून विचारी, "येऊ का?" कधी आतून "या" येई, कधी "थांबा". थांबा आले की तो माझ्या अलीकडे जमिनीवर बसे, ती पलीकडे. माझ्या खालून कप सरकत आणि मग तास तास बोलणे चाले. चिखलदऱ्याला शाळेच्या सहलीत ती कशी हरवली होती, पहिल्या खटल्यात त्याची वाचा कशी बसली होती. पुन्हा ते दोन श्वास मला ऐकू येऊ लागले. आता घाबरलेले नव्हते. मी मनाशी ठरवले, हे दोघे सांगतील तेव्हाच मी हलणार, कूलर कितीही फुंको.

एका दुपारी सुंदराबाई आली आणि तिने मला सरळ वर गुंडाळून एक घट्ट गाठ मारली.

"हवा जाऊ द्या न आत! पोरगी उकडून राहिली," असे म्हणत ती खोलीत शिरली. मग आवाज खाली आणून, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकाच ठेवून तिने विचारले, "काय वं सूनबाई, आमचं पोरगं गच्चीवर काहून झोपून राहिलं? भांडण झालं का? मी परतवाड्याले फोन लावतो. तुह्या माय-बापाले बोलावतो, चार मोठी माणसं बसवतो. सगळं नीट होते."

अश्लेषाचा चेहरा उतरला. चार मोठी माणसे बसली, की रोज सकाळच्या त्या चहाचे काय होणार, हे तिला कळले. मलाही कळले, पण मला गाठ मारलेली होती.

ती उठली. गाठ सोडली. मला सरळ केले आणि म्हणाली, "आत्याबाई, भांडण नाही. फोन लावू नका. आणि आत येताना आधी आवाज देत जा."

"आपल्याच घरात आवाज देऊ?"

"हो."

"नारायणा!" सुंदराबाईने हाक मारली. "ऐक तुह्या सुनेचं!"

गुरुजी आले. त्यांनी माझ्यावर पडलेल्या सुरकुत्या पाहिल्या. "ताई, अंतरपाटाला गाठ कुणी मारली? गाठ शालू-शेल्याला मारतात."

"आता कशाचा अंतरपाट? लग्न लागलं न!"

"लग्न आपण लावलं. जवळ ते दोघं येतील. त्याचा मुहूर्त माझ्या पंचांगात नाही."

"मोठे आले शहाणे!" सुंदराबाई म्हणाली, पण फोनवरचे बोट थांबले होते.

गुरुजी पाटावर बसले. "मी रोज पूजेला गाभाऱ्यात जातो. देऊळ आपलं, किल्ली माझ्या कमरेला. तरी आधी घंटा वाजवतो."

"मंग? देव काय आत कपडे बदलून राहिला असते?"

"ते आपल्याले ठाऊक नाही न ताई. म्हणूनच वाजवतो." गुरुजींचा आवाज आता मंडपातला झाला होता. "दोन माणसांच्या मधली जागा तशीच असते. आत देव असतो. विचारल्याशिवाय तिथं बापानं जाऊ नये, आत्यानं जाऊ नये आणि नवऱ्यानंही जाऊ नये. माझं पोरगं थांबून राहिलं, त्याचा मला अभिमान आहे. ठेव तो फोन."

फोन ठेवला गेला. सुंदराबाई बराच वेळ पदराने वारा घेत बसली. मग उठली, देवघरात गेली आणि तिथली जुनी घंटा आणून चौकटीला टांगली. त्या दिवसापासून तिने खोलीसमोर खुर्ची टाकली. चारुशीलाबाई धुतलेले कपडे घेऊन आल्या तरी ती गरजे, "घंटा! आधी घंटा वाजव! हे काय बसस्टँड आहे का?" यशोधनलाही सूट नव्हती. कूलरचे तोंडही तिनेच स्वतःच्या खुर्चीकडे वळवून घेतले.

शेवटी मिस्त्री दार घेऊन उगवला. दार बसले, कडी लागते का ते पाहून झाले. यशोधनने बाहेरून घंटा वाजवली. "येऊ का?"

अश्लेषाने एका खिळ्यावरची माझी गाठ सोडली आणि म्हणाली, "दुसरं टोक तुम्ही सोडा. घडी करायची आहे."

मित्रांनो, आजवर मला बाजूला करणारे मामा होते, वेळ ठरवणारे गुरुजी होते. त्या दिवशी प्रथमच ज्यांच्यामध्ये मी होतो, त्यांनीच मला काढले. मोठ्या कापडाची घडी तुम्ही कधी केली आहे का? दोघांनी टोके धरून एकमेकांकडे चालत यावे लागते. एक पाऊल, मग आणखी एक. मी लहान लहान होत गेलो आणि शेवटच्या घडीला त्यांचे हात एकमेकांत आले. मी अंग चोरून घेतले.

मग मला बाहेर सुंदराबाईच्या मांडीवर ठेवण्यात आले आणि आतून कडी लागली. पुढचे मला ठाऊक नाही. ठाऊक असते तरी सांगितले नसते.

आता मी पुन्हा ट्रंकेत आहे, पण डांबराच्या गोळ्यांशी माझे जमते. तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला नीट धुवा, उन्हात वाळवा, हे मी म्हणणार नाही. ते चारुशीलाबाई करतात. पण कुणाच्याही खोलीत, मनात किंवा दोन माणसांच्या मधल्या जागेत जाण्याआधी थांबा आणि विचारा. तो माणूस तुमचा स्वतःचा असला, तरी आधी विचारा. घंटा अजून त्या चौकटीवर आहे. ती वाजवल्यावर आतून "थांबा" ऐकू आले, तर रागावू नका. खाली बसा, चहाचा कप पुढे सरकवा.