बाबांचा पाना

बॉयलरचा दाबाचा काटा उतरायला लागला तशी नवी मिस्त्रीण शेजारच्या संगणकाच्या पडद्याकडे धावली. जुने मिस्त्री, म्हणजे तिचे बाबा, परवाच निवृत्त झाले होते. त्याआधी सहा महिने संगणकवाल्यांनी प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाल्लं होतं आणि ते बोलतील ते, एक शब्दही न गाळता, नियम म्हणून त्या संगणकात भरलं होतं.

पडद्याने विचारलं, "शिट्टी येते की फुसफुस?"

तिने 'फुसफुस' दाबलं.

"खालची झडप अर्धा फेरा आवळ."

तिने खुंटीवरचा बाबांचा पाना घेऊन आवळली. काटा थांबला, मग चढला. तिचा जीव भांड्यात पडला. सहज तिने 'का?' दाबलं.

"फुसफुस आणि दाब कमी, म्हणजे झडप सैल. आता माझा पाना पुसून जागेवर ठेव."