आधी पोच

ताईच्या पोहण्याच्या वर्गात जागा दहा, फी भरलेली माणसं पाच, आणि वेबसाइट म्हणत होती, वर्ग भरला! मोठ्यांसाठीचा हा वर्ग. संध्याकाळी सहापर्यंत दहा जणांची नोंदणी झाली नाही, तर तलावाचा व्यवस्थापक ताईचा सकाळचा तास दुसऱ्या प्रशिक्षकाला देणार होता. चार वाजून गेले होते.

वेबसाइट धाकट्या बहिणीने 'जावा' या संगणकाच्या भाषेत लिहिलेली. कुणी फी भरली की पेमेंट कंपनी तिच्या प्रोग्रामला निरोप धाडायची, त्याला म्हणायचं वेबहुक, आणि निरोपागणिक एक जागा भरायची. प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग उघडून पाहते तर प्रत्येक निरोप दोनदा आलेला.

"चूक त्यांची आहे," धाकटी फणकारली. "एकच गोष्ट किती वेळा सांगायची!"

तलावावरून थेट आलेली ताई शेजारी ओले केस पुसत बसली होती. तिला हसू आलं. "सकाळपासून मी तुला तीनदा मेसेज केला, वर्ग भरलेला दिसतोय, बघ जरा. तू ब्र काढला नाहीस."

"अगं, मी तेच शोधत होते. सापडलं की सांगणार होते."

"मला काय स्वप्न पडणार होतं? नुसतं 'मिळाला' म्हणायला तुझं काय जातं? पोच नाही आली की माणूस परत पाठवणारच."

धाकटीचे हात कीबोर्डवरच थांबले. मेला प्रोग्रामही तिच्याच वळणावर गेला होता. निरोप आला की आधी जागा धरायचा, मग नाव घालून सुबक स्वागतपत्र बनवायचा, ते ईमेलने पाठवायचा, आणि सगळं साग्रसंगीत आटोपल्यावर कंपनीला कळवायचा, मिळाला. तोवर कंपनी वाट पाहून कंटाळायची आणि तोच निरोप पुन्हा धाडायची.

तिने क्रम बदलला. निरोप आला की त्याचा क्रमांक टिपायचा, लगेच पोच द्यायची, बाकीचं मागाहून. क्रमांक आधीच टिपलेला असेल तर फक्त पोच, जागा नाही. एक निरोप तिने मुद्दाम तीनदा पाठवून पाहिला; नोंद एकच झाली. मग चाचणीची नोंद आणि दुहेरी नोंदी काढल्या, पाच जागा मोकळ्या झाल्या.

साडेपाचपर्यंत चार जणांनी फी भरली. पुढे सगळं थंड. ताई नुसती पडद्याकडे बघत राहिली. वीस वर्षं तो तास तिचा होता. धाकटीने स्वतःचा फोन हातात घेतला.

सहाला पाच कमी असताना दहावी जागा भरली. ताईने नाव वाचलं आणि वळून बहिणीकडे पाहिलं. "तू? तू तर तलावाच्या काठालाही उभी राहत नाहीस. माझ्यासाठी कशाला जिवावर उदार होतेस?"

"तुझ्यासाठीच भरलंय," धाकटी म्हणाली. "भीती अजून वाटतेच. उद्या माझा हात सोडू नकोस, म्हणजे झालं."

"सोडते की काय!" ताई म्हणाली, आणि तिने तो आत्ताच धरला.