देवीनं बरी केलेली पाठ

माझी पाठ येडेश्वरीनं बरी केली, हे आमच्या गल्लीत केव्हाच मान्य झालेलं आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनीही थोडा हातभार लावला होता, पण त्यांचं नाव कुणी घेत नाही. मी पंधरा वर्षांची असताना माझा कणा एका अंगाला इतका वळला होता की उजव्या खांद्यामागं कुबड दिसायचं आणि चार पायऱ्या चढले तरी दम लागायचा. ऑपरेशन झालं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी रॉड बसवले आणि ते स्क्रूनं मणक्यांना आवळले. कुबड गेलं, मी थोडी उंचही झाले. शाळेत पोरं ज्या नावानं मला हाक मारायची, ते नाव बंद पडलं. हे सगळं खरोखर चांगलं झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार एवढीच की पाठ दुखते. अधूनमधून नाही, रोज. ढोकीला मी एका मेडिकलमध्ये कामाला आहे. दिवसभर काउंटरमागं उभं राहायचं. दुपारपर्यंत निभतं. मग कमरेच्या जरा वर, जिथं रॉड संपतात तिथं, कुणीतरी पाना घेऊन बसल्यासारखं आवळत जातं. गिऱ्हाईकं कंबरदुखीच्या गोळ्या मागतात आणि कळवळून सांगतात, "ताई, तुमाला न्हाय कळायचं, लई ठणकतंय." मी गोळ्या देते. जेवणाआधी की नंतर ते सांगते. त्यांना काय सांगत बसायचं?

घरी तर हा विषय काढायची सोयच नाही. माझी आई धुरपदाबाई. ऑपरेशनच्या आधी तिनं येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळात जाऊन नवस बोलला होता, की पोरीची पाठ सरळ होऊ दे, दर साली तिच्या हातानं चुना वेचायला आणीन. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी चुन्याच्या रानात येते. त्या रानात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. आलेल्या प्रत्येकानं पाच खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे, अशी रीत आहे. आता, जिच्या कण्यात रॉड घालायचं ठरलंय त्या पोरीसाठी वाकून खडे वेचायचा नवस बोलायचा, हे आमच्या आईलाच सुचू जाणे. तिचा हिशेब साधा होता. पाठ सरळ झाली म्हणजे पोरगी सगळ्यांसारखी वाकणार. रॉड घातलेली पाठ सरळ राहते ती राहतेच, वाकत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नवस बोलून झाला होता. बोललेला नवस काही परत घेता येत नाही.

पहिल्या वर्षी मी दुखतंय म्हणाले तेव्हा आईनं इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल. देवीनं एवढं दिलं, त्याला नाट लावू नये." त्यानंतरही एकदोनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी देवी मधे आली. शेवटी मी बोलणं सोडून दिलं. तिला माझं दुखणं खरंच वाटत नाही, हे मी धरून चालले. ज्या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही त्याच्यासोबत रोज जेवायला बसणं हेही कष्टाचंच काम असतं. मला तिच्याकडून शेक नको होता, तेल नको होतं. माझं खरं आहे एवढं तिनं मानावं, याची मला आस होती. इतकी, की माझी मलाच लाज वाटायची.

यंदाही आम्ही गेलो. ऊन मी म्हणत होतं. संबळ वाजत होता, माणसांत मुंगी शिरायला जागा नव्हती. माझी वेचायची पद्धत ठरलेली आहे. उभ्याउभ्या खडा हेरायचा, गुडघ्यांवर सरळ खाली बसायचं, हात लांब करून उचलायचा आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. लोकांना वाटतं, पोरगी फार भक्तीनं बसते. चार खडे झाले. पाचव्याला मी बसले आणि मागून गर्दीचा लोंढा आला. कुणाचा तरी गुडघा नेमका पाठीत लागला. मला उठता येईना. ओरडले नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. आईनं काखेत हात घालून मला उभं केलं, पाचवा खडा स्वतःच उचलून ढिगाकडं फेकला आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "ऊन लई हाय. चल सावलीला."

लिंबाखाली आमची शेजारीण विठाबाई बसली होती. आमच्या नवसाची जाहिरात तीच करते. तिच्याजवळ भूमची एक बाई होती, मोनिका नावाची. तिच्यासोबत तिची सातवीतली मुलगी वैष्णवी. पोरीनं एवढ्या उन्हात ओढणी उजव्या खांद्यावरून पसरून घेतली होती. ती कशासाठी हे मला विचारावं लागलं नाही.

"ही बगा ती पोरगी," विठाबाई मला दाखवत म्हणाली. "कुटं कुबड दिसतंय का? देवीनं सुतासारखी सरळ केली."

मोनिकानं मला मागून पुढून बघून घेतलं. बिचारीला तरी दुसरं काय करता येणार होतं? मग माझ्याजवळ सरकून म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत्यात. आमच्या घरी कुणाचं मन होईना. पुढल्या आठवड्यात काय ते कळवायचं हाय. ताई, खरं सांगा. नंतर दुखतं का?"

वैष्णवी पायातल्या चपलेकडं बघत होती, पण कान माझ्याकडं होते. दुखतं म्हणावं, तर ही बाई पोरीला तशीच घरी नेणार आणि तिचा दम वाढत जाणार. नाही म्हणावं, तर ही पोर उद्या माझ्यासारखी गपगुमान सोसणार आणि आपल्यातच काही खोट आहे असं समजणार. शिवाय आई शेजारी उभी होती, आणि पालखी हाकेच्या अंतरावर.

"दुखतं," आई म्हणाली.

विठाबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. आई थांबली नाही.

"रोज दुखतं तिला. सकाळी कुशीवर हून, हातावर भार दिऊन उठती. खालच्या फळीवरचं भांडं घेता येत न्हाय, म्हणून म्या समदी भांडी वर ठेवते. दुपार झाली की तिचं बोलणं कमी हुतं. कामावरनं आली की दाराला पाठ टेकून उभी ऱ्हाती, आन् म्या दिसले की नीट चालाय लागती."

भांडी वर गेली तेव्हा आईला टापटीप सुचली म्हणून मी तिची चेष्टा केली होती.

"मग नको म्हणता का करायला?" मोनिकाचा चेहरा उतरला.

आता मला बोलता आलं. "नको कसं म्हणू? मला श्वास पुरत न्हवता, आता पुरतो. करा तुम्ही. पण दुखतं, हे धरून करा." मग वैष्णवीला म्हणाले, "दुखलं की सांगत जा. सांगून कमी होत न्हाय. तरी सांग."

तिनं मान डोलावली. "वाकता येतं का?" तिनं विचारलं.

"न्हाय. बसून उचलायचं. सवय होती."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. आईला सगळं ठाऊक होतं. बारीकसारीक सगळं. आणि तरीही ती दर साली मला या रानात आणून बसवत होती. आम्ही स्टँडच्या रस्त्याला लागलो. मग राहवलं नाही.

"ठावं हुतं तर इतकी वर्षं गप का बसलीस?"

आई चालत राहिली. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता पुन्हा देवीचं नाव घेणार.

"तुझा बाप नको म्हणत हुता," ती म्हणाली. "आजी तर रडत बसली हुती. पोरगी वाकडी का असंना, जित्ती हाय म्हणायची. डॉक्टरला म्या एकटीनं व्हय म्हणले. तू दुखतंय म्हणलीस की मला वाटायचं, ह्ये म्याच केलं तुला. मग देवीला पुढं करायची."

रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जाईपर्यंत आम्ही कडेला उभ्या राहिलो. माझा राग कुठं ठेवावा हे मला समजेना. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला माझं खोटं वाटतंय. तिला ते इतकं खरं वाटत होतं की ऐकवत नव्हतं.

"तुझं चुकलं न्हाय," मी म्हणाले. "मी पुन्यांदा पंधरा वर्षांची झाले तरी तू व्हयच म्हण. पण दुखतं, आई."

"व्हय," ती म्हणाली. "दुखतं."